वायफाय नसलेले जुने संगणक समोरच्या इमारतीतील वायफायला कसे जोडावेत?

अभ्यासिका-खानापूर

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातील एका गावात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याला लागून असलेल्या खोलीत आम्ही विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतो. तेथे चार डेस्कटॉप संगणक आहेत. एका कार्यालयाने नवी यंत्रे घेतल्यावर जुनी आम्हाला देणगी म्हणून दिली. यंत्रे चालू स्थितीत आहेत, पण त्यांत वायफाय नाही. मागच्या बाजूला फक्त लॅन केबलचा पोर्ट आहे.

अंगणाच्या पलीकडे, साधारण ८० फुटांवर, दूध सोसायटीचे कार्यालय आहे. तेथे फायबरचे कनेक्शन आलेले असून, अभ्यासिकेने ते वापरावे अशी लेखी परवानगी संचालक मंडळाने दिली आहे. आमच्या खिडकीजवळ मोबाईल धरला तर त्यांच्या वायफायची रेंज बरी मिळते. खोलीच्या आत गेले की ती जवळजवळ नाहीशी होते, कारण इमारत जुनी आहे आणि भिंती जांभ्या दगडाच्या, चांगल्या जाड आहेत.

सीमाभागातील मुलांना दोन्ही राज्यांची संकेतस्थळे पाहावी लागतात. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू या संकेतस्थळावरील दाखल्यांचे अर्ज, इकडच्या परीक्षांचे निकाल आणि महाराष्ट्रातील भरतीच्या जाहिराती हे सारे आता ऑनलाईनच असते. मोबाईलच्या लहान पडद्यावर लांबलचक अर्ज भरताना मुलांच्या चुका होतात आणि शेवटची तारीख जवळ आली की खानापूर किंवा बेळगाव गाठण्यात एक पूर्ण दिवस जातो. म्हणून हे चार संगणक लवकरात लवकर इंटरनेटला जोडावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रत्येक संगणकाला वेगळा यूएसबी डोंगल घ्यावा, की चौघांसाठी मिळून एकच उपकरण बसवता येते? दुकानदार रिपीटर घ्या म्हणतात. काही जणांनी अंगणावरून सरळ केबल ओढण्याचा सल्ला दिला आहे. शिवाय सोसायटीच्या कार्यालयातील नेटवर्क प्रिंटरवर आमच्या मुलांना छपाई करता आली तर फार सोयीचे होईल. खर्च शक्य तितका कमी ठेवायचा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमबाग-नेटवर्क

ताई, आपल्याला जे हवे आहे त्याला वायरलेस ब्रिज म्हणतात. हे उपकरण वायफायच्या बाजूने एखाद्या मोबाईलसारखे राउटरला जोडले जाते आणि मिळालेले कनेक्शन आपल्या लॅन पोर्टमधून केबलने पुढे देते. संगणकाला आपण वायफायवर आहोत याचा पत्ताही नसतो. त्याच्या दृष्टीने ते साधे केबलचे कनेक्शनच असते. त्यामुळे संगणकात ना ड्रायव्हर घालावा लागतो, ना पासवर्ड.

चार डोंगल घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगल संगणकाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात लागतो, आणि आपल्याकडे रेंज खिडकीजवळ आहे. ब्रिज मात्र खिडकीत ठेवता येतो, तेथून एक केबल पाच पोर्टच्या साध्या स्विचपर्यंत आणता येते आणि स्विचमधून चार केबली चार संगणकांना देता येतात. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर असल्याने उपकरण खोलीत हवे त्या जागी ठेवण्याची मोकळीक राहते.

खरेदी करताना खोक्यावर 'क्लायंट मोड' किंवा 'विस्प मोड' हे शब्द आहेत का ते पाहावे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८०२एन या लहान उपकरणात हे दोन्ही आहेत. त्याला एकच लॅन पोर्ट असतो आणि ते ५ व्होल्टवर, मोबाईलच्या चार्जरसारख्या अडॅप्टरवर चालते. तसे हेच एक घ्यावे असे नाही. घरात पडून असलेल्या जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये यांपैकी एखादा मोड असेल तर नवीन काहीच घ्यावे लागणार नाही. दुकानदार म्हणतात तो रिपीटरही, त्याला लॅन पोर्ट असल्यास, चालू शकतो. पण रिपीटरचे मुख्य काम वायफाय पुन्हा हवेत पसरवणे हे आहे आणि एकाच रेडिओवर ऐकणे व बोलणे दोन्ही करावे लागल्याने त्याच्या वायफायवर बसलेल्यांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. आपल्याला वायफाय पसरवायचेच नाही.

आता दोन मोडमधला फरक, कारण बहुतेकांचा घोळ येथेच होतो. वायफायच्या ८०२.११ मानकात राउटर आणि त्याला जोडलेले उपकरण यांच्यातील प्रत्येक संदेशावर साधारणपणे तीनच पत्ते असतात आणि राउटर फक्त स्वतःकडे नोंदलेल्या उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावरून (म्हणजे त्याच्या मूळ ओळख क्रमांकावरून) आलेले संदेश स्वीकारतो. टपालपेटीवर एकाच बिऱ्हाडाचे नाव लिहिलेले असावे आणि आत चार बिऱ्हाडे राहत असावीत, तशी ब्रिजमागच्या चार संगणकांची अवस्था होते. यावर तीन उपाय आहेत. पहिला, संदेशावर चौथा पत्ता घालण्याची सोय, जिला डब्ल्यूडीएस म्हणतात. ती दोन्ही बाजूंच्या उपकरणांना समजावी लागते आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. दुसरा उपाय क्लायंट मोडचा. त्यात ब्रिज चारही संगणकांच्या वतीने आपलाच पत्ता पुढे करतो आणि आलेली उत्तरे ज्याची त्याला वाटतो. तिसरा विस्प मोड, ज्यात उपकरण स्वतःच एक लहान राउटर बनते, वायफायकडून इंटरनेट घेते आणि आपल्या मागे वेगळे नेटवर्क तयार करते.

क्लायंट मोडमध्ये चारही संगणक सोसायटीच्याच नेटवर्कवर येतात आणि प्रिंटर सहज दिसतो. काही स्वस्त उपकरणांत मात्र पत्त्यांची ही देवाणघेवाण नीट जमत नाही आणि एक संगणक चालतो, दुसरा अडतो, असे होते. विस्प मोडमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही.

जोडणी करताना उपकरण आधी आपल्या टेबलावर, एका संगणकाला केबलने जोडून तयार करावे आणि मगच खिडकीत बसवावे. पहिल्यांदा ॲडमिनचा पासवर्ड बदलावा. नंतर मोड निवडून परिसरातील वायफायचा शोध घ्यावा, सोसायटीचे नाव निवडावे, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवावा व पासवर्ड लहान-मोठ्या अक्षरांसह अचूक भरावा. क्लायंट मोड घेतल्यास उपकरणातील डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद आहे ना, हे अवश्य तपासावे, कारण एकाच नेटवर्कवर दोन ठिकाणांहून पत्ते वाटले जाऊ लागले की कोणाचे कनेक्शन कधी तुटेल याचा नेम राहत नाही. विस्पमध्ये उलट, ते चालूच असावे लागते.

शोधात सोसायटीचे नाव दिसलेच नाही, तर त्यांचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर तर नाही ना ते पाहावे. वर सांगितलेले लहान उपकरण फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखते. राउटर २.४ वर असूनही नाव दिसत नसेल, तर चॅनेल १२ किंवा १३ असू शकतो. काही उपकरणे ११ च्या पुढे शोधतच नाहीत. सोसायटीच्या राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक कायमचा ठरवून दिल्यास हा प्रश्न मिटतो.

जांबोटीकर

वरील सल्ला योग्य आहे. मी फक्त पावसाविषयी आणि विजेविषयी लिहितो, कारण आपल्या तालुक्यात या दोन गोष्टी विसरून चालत नाही.

अंगणावरून तांब्याची लॅन केबल ओढू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ८० फूट हे अंतर केबलच्या दृष्टीने काहीच नाही, हे खरे. पण दोन इमारतींची विजेची जोडणी आणि अर्थिंग वेगळे असते, आणि वळवाच्या पावसात जवळपास कोठेही वीज कोसळली तरी त्या तारेत विजेचा दाब निर्माण होऊन दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जळू शकतात. संगणक थेट विजेच्या माऱ्यात नसला तरी त्याचा लॅन पोर्ट निकामी होतो, आणि आपल्या संगणकांना तर दुसरा मार्गच नाही. वायफाय हवेतून येत असल्याने हा धोका मुळातच टळतो. पुढे कधी केबलच टाकायची ठरली, तर फायबर टाकून दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारे मीडिया कन्व्हर्टर बसवावेत. काच वीज वाहून नेत नाही. फक्त आतून धातूची तार नसलेली फायबर मागून घ्यावी.

जांभा दगड सच्छिद्र असतो आणि जांबोटी, कणकुंबीच्या बाजूचा पाऊस सुरू झाला की भिंती महिनोन्महिने ओल धरून राहतात. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. म्हणून मे महिन्यात मिळालेली रेंज जुलैत मिळेल असे गृहीत धरू नये. उपकरण भिंतीमागे न ठेवता खिडकीच्या चौकटीत, सोसायटीच्या दिशेने मोकळी नजर पोहोचेल असे ठेवावे. खिडकीला लोखंडी गज असतील तर उपकरण गजांना अगदी चिकटवू नये आणि पावसाची झड आत येते त्या बाजूला तर मुळीच ठेवू नये. वर पत्र्याची पडवी असेल तर तिच्या कडेच्या खाली, पत्रा मध्ये येणार नाही अशा उंचीवर ठेवावे, कारण पत्र्यातून लहरी जात नाहीत.

एवढे करूनही पावसाळ्यात कनेक्शन अडखळू लागले, तर बाहेर लावण्याचे सीपीई नावाचे उपकरण मिळते. त्याचा अँटेना एकाच दिशेला रोखलेला असतो, खोके पाण्यापासून सुरक्षित असते आणि वीजही लॅन केबलमधूनच दिली जाते, त्यामुळे बाहेर वेगळा प्लग लागत नाही. तेही क्लायंट मोडमध्ये चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचे बाहेर वापरायचे पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले आहेत. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहिल्यास त्यासाठी परवाना लागत नाही. पण ८० फुटांसाठी सुरुवातीलाच त्यावर पैसे घालू नयेत असे मला वाटते.

निपाणीची शिक्षिका

ताई, तांत्रिक बाजू दोघांनी छान सांगितली आहे, परंतु प्रिंटरच्या मुद्द्यावर मला थोडे थांबवावेसे वाटते. आमच्या शाळेच्या संगणक कक्षाची व्यवस्था माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते.

दूध सोसायटीच्या संगणकात सभासदांची खाती, दुधाची बिले आणि बँकेचे व्यवहार असणार. अभ्यासिकेत रोज वेगवेगळी मुले बसणार, पेन ड्राइव्ह लावणार, नाना संकेतस्थळे उघडणार. ही दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर असणे योग्य नाही. सोसायटीने विश्वासाने परवानगी दिली आहे, तेव्हा त्यांच्या हिशेबाच्या संगणकापर्यंत आपल्याकडून काहीही पोहोचणार नाही याची काळजी आपणच घ्यायला हवी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. विस्प मोडने वेगळे नेटवर्क तयार होते म्हणून सोसायटीचे संगणक सुरक्षित झाले, असे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात ते संरक्षण उलट दिशेचे असते. सोसायटीच्या बाजूने अभ्यासिकेतील संगणकांपर्यंत कोणी सहज पोहोचू शकत नाही. पण अभ्यासिकेच्या बाजूने पाहिले तर सोसायटीचे नेटवर्क हा इंटरनेटच्या वाटेतलाच टप्पा असतो, आणि तेथील यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) टाकला तर तेथपर्यंत पोहोचता येते. त्यामुळे सोसायटीच्या राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळ्या वायफायची, सोय असेल तर ती चालू करून घ्यावी, तिला वेगळा पासवर्ड द्यावा, गेस्टना स्थानिक नेटवर्क पाहता येणार नाही असा पर्याय निवडावा आणि ब्रिज त्या गेस्ट नावाला जोडावा. गेस्ट नेटवर्कवर एकेका उपकरणाला बाकीच्यांपासून वेगळे ठेवण्याचा नियम बहुधा असतो. म्हणून तेथे विस्प मोडच सोयीचा पडतो, कारण चारही संगणक मिळून राउटरला एकच उपकरण दिसतात.

असे केल्यावर सोसायटीचा प्रिंटर आपल्याला दिसणार नाही. मला तरी ती किंमत योग्य वाटते. छपाईसाठी फाईल पेन ड्राइव्हवर न नेता ईमेलने पाठवून सोसायटीच्या कर्मचाऱ्याकडून काढून घेता येईल.

अभ्यासिका-खानापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निपाणीच्या ताईंचा मुद्दा मी सोसायटीच्या सचिवांपुढे मांडला आणि त्यांनाही तो लगेच पटला. त्यांच्या राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करून घेतले आहे. खिडकीत उपकरण बसवले, विस्प मोड निवडला, स्विच आणि केबली जोडल्या. उपकरणाच्या सेटिंगच्या पानावर वायफाय जोडले गेल्याचे दिसते आणि रेंजही चांगली दाखवते.

मात्र इंटरनेट चालत नाही. तीन संगणकांना १९२.१६८.०.१०० च्या पुढचे पत्ते मिळाले आहेत, तरी कोणतेही पान उघडत नाही. उपकरणाच्या पानावर त्याला स्वतःला गेस्ट नेटवर्ककडून मिळालेला पत्ताही १९२.१६८.० नेच सुरू होतो. चौथ्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. मोबाईल त्याच गेस्ट वायफायवर व्यवस्थित चालतो. आता काय पाहावे?

उद्यमबाग-नेटवर्क

ताई, आपण पत्ते लिहून दिले हे फार बरे केले, कारण दोन्ही उत्तरे त्यांतच आहेत.

पहिल्या तीन संगणकांचा प्रश्न असा, की सोसायटीच्या राउटरचे नेटवर्क १९२.१६८.० चे आहे आणि आपल्या उपकरणाने आपल्यामागे तयार केलेले नेटवर्कही १९२.१६८.० चेच आहे. दोन्ही बाजूंना एकच क्रमांक असल्याने कोणता संदेश बाहेर पाठवायचा आणि कोणता आतच ठेवायचा हे उपकरणाला ठरवता येत नाही. काही उपकरणे ही टक्कर ओळखून आपला क्रमांक आपोआप बदलतात, काही बदलत नाहीत. उपकरणाच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ करावा आणि सेव्ह करावे. ते पुन्हा सुरू होईल. त्यानंतर त्याचे पान उघडण्यासाठी हाच नवा पत्ता टाकावा लागेल, तो उपकरणावर चिकटपट्टीने लिहून ठेवावा. मग संगणकांच्या केबली काढून पुन्हा लावल्या की त्यांना १९२.१६८.५० चे पत्ते मिळतील.

चौथ्या संगणकाचे कारण वेगळे आहे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता संगणक स्वतःच घेतो, कोणाकडूनही पत्ता मिळाला नाही तेव्हा. याचा अर्थ बहुधा केबल किंवा पोर्ट. त्याची केबल चालू संगणकाच्या केबलशी अदलाबदल करून पाहावी. दोष केबलबरोबर गेला तर केबल बदलावी, संगणकाजवळच राहिला तर स्विचचा दुसरा पोर्ट वापरून पाहावा.

अभ्यासिका-खानापूर

लॅनचा पत्ता बदलताच तिन्ही संगणक सुरू झाले, आणि चौथ्याचा दोष केबलीच्या एका टोकाच्या क्लिपमध्ये निघाला. खूप खूप धन्यवाद!

एक शंका उरली आहे. दोन संगणकांवर पाने उघडताना प्रमाणपत्र चुकीचे असल्याचा, जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. सेवा सिंधू तर मुळीच उघडत नाही. बाकीच्या दोन संगणकांवर तीच पाने नीट उघडतात.

जांबोटीकर

ताई, त्या दोन संगणकांची तारीख पाहावी. जुन्या यंत्रांच्या मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली की बंद केल्यावर तारीख मागे, कित्येक वर्षांपूर्वीची होते, आणि संकेतस्थळाची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीचीच असल्याने ब्राउझर ती नाकारतो. सीआर२०३२ या क्रमांकाची बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. संगणकाचा प्लग पूर्ण काढून मगच ती बदलावी, तारीख लावावी आणि वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा.

तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर त्या यंत्रांवर विंडोज ७ आहे का ते पाहावे. क्रोमची १०९ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती होती आणि २०२३ च्या सुरुवातीपासून तिच्या पुढचे क्रोम त्यावर चालत नाही. बँकेचे किंवा अर्जाच्या शुल्काचे व्यवहार तरी त्या यंत्रांवर करू देऊ नयेत. त्यांवर लिनक्स मिंट घालणे शक्य असेल तर ते विनामूल्य आहे आणि मराठी टंकलेखनही त्यात होते.

निपाणीची शिक्षिका

आणि छपाईविषयी: वाचनालयाला पुढेमागे एखादा साधा यूएसबी प्रिंटर मिळाला, तर तो चौघांपैकी एका संगणकाला जोडून शेअर करावा. चारही यंत्रे एकाच स्विचवर, एकाच १९२.१६८.५० च्या नेटवर्कवर असल्याने उरलेल्या तिघांना तो दिसेल, आणि सोसायटीच्या नेटवर्कशी त्याचा काहीही संबंध येणार नाही. ज्या संगणकाला प्रिंटर जोडाल तो मात्र छपाईच्या वेळी चालू असावा लागेल, म्हणून ग्रंथपालांच्या टेबलाजवळचा निवडावा.